‘क्ष’ ऋण चौदा कसा आला?

वाचकाचं पत्र

नमस्कार. मी पाचोऱ्यात दहावीच्या मुलांची घरगुती शिकवणी घेते. मध्यक (चढत्या क्रमात बरोबर मधोमध येणारी किंमत) दिलेला असतो आणि सारणीतल्या दोन वारंवारता (एखाद्या वर्गात किती जण मोडतात ती संख्या) हरवलेल्या असतात, या प्रकारात मुलं अडकतात. खरं सांगायचं तर यंदा मीही अडकले. खालचं उदाहरण सोडवलं तर क्ष = −१४ आणि य = ५८ आलं. दोघांची बेरीज ४४ यायला हवी, ती अगदी बरोबर येते. मग चुकलं कुठे? एका मुलाने ऋण चिन्ह खोडून सरळ १४ लिहिलं, तसं चालतं का? शिवाय काही उदाहरणांत एकूण संख्याच दिलेली नसते, तिथे सुरुवात कुठून करायची? सूत्र सगळ्यांना पाठ आहे.

उदाहरण असं: रावेरकडच्या एका बागेतले केळीचे १०० घड तोलले. वजनांचा मध्यक २१ किलो आहे. क्ष आणि य काढा.

वजन (किलो) : घड
१०–१४ : ८
१४–१८ : क्ष
१८–२२ : ३२
२२–२६ : य
२६–३० : १२
३०–३४ : ४

— एक वाचक, पाचोरा

उत्तर

ताई, तुमची बेरीज चुकलेली नाही आणि सूत्रही बरोबर आहे. चूक आहे ती संचित वारंवारतेच्या (म्हणजे त्या वर्गापर्यंतच्या सगळ्या वारंवारतांच्या बेरजेच्या) एका ओळीची. सूत्र असं: मध्यक = मध्यक वर्गाची (मध्यक ज्यात पडतो त्या वर्गाची) खालची मर्यादा + [(एकूणचे निम्मे − संचित वारंवारता) ÷ मध्यक वर्गाची वारंवारता] × वर्गांतर (वर्गाची रुंदी). यात मध्यक वर्गाच्या *आधीच्या* वर्गापर्यंतची संचित वारंवारता घालायची असते. तुम्ही मध्यक वर्ग धरून घातली. वही समोर नसताना हे सांगता येतं, कारण त्या चुकीतून नेमकं ऋण चौदाच बाहेर पडतं. दोन्ही मांडण्या शेजारी ठेवून पाहा.

हवी ती: १८ + [(५० − (८ + क्ष)) ÷ ३२] × ४ = २१
झाली ती: १८ + [(५० − (४० + क्ष)) ÷ ३२] × ४ = २१

पहिलीत ४२ − क्ष = २४, म्हणजे क्ष = १८ आणि य = ४४ − १८ = २६. दुसरीत १० − क्ष = २४, म्हणजे क्ष = −१४. दोन उत्तरांत फरक किती? बरोबर ३२, म्हणजे मध्यक वर्गाचीच वारंवारता. मुलांच्या वह्या तपासताना ही खूण कामाला येते. ऋण उत्तर दिसलं की त्यात मध्यक वर्गाची वारंवारता मिळवून बघायची. पटण्याजोगी संख्या आली तर चूक हीच.

आता बेरीज का जुळली ते. एकूण १०० पैकी दिसणारे घड ८ + ३२ + १२ + ४ = ५६, म्हणून क्ष + य = ४४. हे पहिलं समीकरण. मध्यकाच्या सूत्रातून क्ष काढला की य आपण याच समीकरणातून काढतो. म्हणजे क्ष काहीही येवो, य त्याला सांभाळून घेणारच. क्ष = १००० धरला तर य = −९५६ येईल आणि बेरीज ४४च राहील. ज्या समीकरणातून य काढला त्याच समीकरणात तो घालून पाहणं ही पडताळणी होत नाही. खरी पडताळणी करायची तर सारणी पुन्हा भरायची, संचित वारंवारता नव्याने लिहायची आणि मध्यक काढायचा. इथे संचित वारंवारता ८, २६, ५८, ८४, ९६, १०० अशी येते. पन्नासावी जागा २६ नंतर आणि ५८ च्या आत, म्हणजे १८–२२ मध्येच पडते. १८ + (२४ ÷ ३२) × ४ = २१. याला दोन मिनिटं लागतात, पण परीक्षेत हीच दोन मिनिटं वाचवायच्या नादात पुरं उदाहरण हातचं जातं.

सूत्र पाठ आहे असं तुम्ही लिहिलंत, आणि आमच्या मते अडचणीचं मूळ तिथेच आहे. हे उदाहरण एकदा सूत्र बाजूला ठेवून करून घ्या. १८ ते २२ या चार किलोंत ३२ घड आहेत. वर्गाच्या आत घड सारखे पसरलेत असं आपण धरतो (ते तसे असतातच असं नाही, पण सूत्र याच गृहीतावर उभं आहे), म्हणजे दर किलोला ८ घड. १८ पासून २१ पर्यंत तीन किलो, म्हणजे २४ घड. मध्यक २१, म्हणजे २१ किलोच्या खाली निम्मे, ५० घड. त्यातले २४ या वर्गातले, तर १८ च्या खाली उरले २६. त्यातले ८ पहिल्या वर्गात दिसतातच, राहिले १८. झालं. जे मूल हे बोलून दाखवू शकतं ते संचित वारंवारतेची ओळ कधी चुकवत नाही, कारण ‘१८ च्या खाली किती’ एवढाच तो प्रश्न आहे हे त्याला ठाऊक असतं.

याच समजुतीतून गणित सुरू करण्याआधीच क्षला कुंपण घालता येतं. मध्यक १८–२२ मध्ये आहे, म्हणजे १८ च्या खाली ५० हून जास्त घड असू शकत नाहीत: ८ + क्ष ५० च्या पुढे जाणार नाही, म्हणून क्ष जास्तीत जास्त ४२. आणि २२ च्या खाली निदान ५० हवेत: ४० + क्ष निदान ५०, म्हणून क्ष कमीत कमी १०. उत्तर १० ते ४२ च्या बाहेर आलं की पुढे जायचंच नाही, मागे वळायचं. क्ष = १० असता तर मध्यक बरोबर २२ आला असता, ४२ असता तर बरोबर १८. २१ हा २२ च्या जास्त जवळ, तेव्हा उत्तरही १० च्या बाजूला असणार, इतका अंदाज तोंडी बांधता येतो.

ऋण चिन्ह खोडणाऱ्या मुलाला रागावू नका, पण त्याच्याकडून त्याचीच सारणी भरून घ्या. क्ष = १४ आणि य = ५८ ठेवलं तर एकूण १२८ घड होतात, तोलले होते १००. हुशारी करून य = ३० केला तर एकूण १०० होतात खरे, पण १८ च्या खाली २२ घड येतात आणि मध्यक १८ + (२८ ÷ ३२) × ४ = २१.५ निघतो. तेव्हा १४ चालत नाही. वारंवारता ही मोजलेली संख्या असते. ती ऋण आली तर मांडणी चुकली, चिन्ह नाही.

आणखी एक सवय मोडायला लागते. नुसता मध्यक काढायचा असतो तेव्हा मुलं एकूणच्या निम्म्याने संचित वारंवारतेत शोध घेतात. इथे त्या रकान्यात ८ + क्ष, ४० + क्ष असं काहीबाही असतं, त्यात ५० कुठे सापडणार? मग वर्ग अंदाजाने उचलला जातो, बहुतेक वेळा सर्वांत मोठ्या वारंवारतेचा. तो बहुलकाचा वर्ग. तुमच्या उदाहरणात योगायोगाने दोन्ही एकच आहेत, म्हणून ही चूक दिसली नाही, दुसरीकडे दिसेल. मध्यक दिलेला आहे ना? मग २१ ज्या वर्गात बसतो तोच मध्यक वर्ग. शोधायची गरजच नाही. मध्यक नेमका सीमेवर, म्हणजे २२ दिला असेल तर १८–२२ घ्या किंवा २२–२६ घ्या, दोन्हीकडून ४० + क्ष = ५० हेच मिळतं.

आता थोडं वरच्या पायरीचं, कारण परीक्षेत खरी मेख इथेच असते: हरवलेल्या दोनपैकी एक वारंवारता मध्यक वर्गाचीच. समजा बोदवडकडे एका शेतावर ६० मजुरांनी दिवसभरात वेचलेला कापूस किलोत असा आहे:

२०–३० : ६
३०–४० : क्ष
४०–५० : य
५०–६० : १२
६०–७० : ८

मध्यक ४५ किलो. दिसणारी बेरीज २६, म्हणून क्ष + य = ३४. मध्यक वर्ग ४०–५०, त्याच्या आधी ६ + क्ष मजूर, निम्मे ३०.

४० + [(३० − ६ − क्ष) ÷ य] × १० = ४५

४० पलीकडे नेले की [(२४ − क्ष) ÷ य] × १० = ५. दोन्ही बाजूंना १० ने भागलं की (२४ − क्ष) ÷ य = १ ÷ २. तिरका गुणाकार: २ × (२४ − क्ष) = य, म्हणजे ४८ − २क्ष = य, म्हणजे २क्ष + य = ४८. यातून क्ष + य = ३४ वजा केलं की क्ष = १४, य = २०. संचित वारंवारता ६, २०, ४०, ५२, ६०. चाळिसाच्या खाली २०, आणखी १० हवेत, वीसांतले दहा म्हणजे वर्गाच्या मध्यावर, ४५. जमलं.

बिघडतं ते तिरक्या गुणाकारात. कंस न घालता मुलं २ × २४ − क्ष लिहितात, त्यातून क्ष + य = ४८ मिळतं, आणि वर क्ष + य = ३४ आधीच लिहिलेलं असतं. एकच बेरीज ४८ ही आणि ३४ ही. इथे मुलं पुस्तकात छपाईची चूक आहे असं ठरवून मोकळी होतात. पुस्तकांत चुका असतात, नाही असं नाही, पण या जागी आधी कंस बघायचा. दुसरी एक घसरण म्हणजे मध्यक वर्गाची वारंवारता अज्ञात आहे म्हणून तिच्या जागी शेजारची १२ घालणं. असं केलं की समीकरणात नुसता क्ष उरतो, गणित सोपं होतं आणि क्ष = १८, य = १६ असं सभ्य दिसणारं उत्तर येतं. बेरीज ३४, ऋण काही नाही, अपूर्णांक नाही. पण सारणी भरून पाहिलं तर चाळिसाच्या खाली २४ मजूर येतात आणि मध्यक ४० + (६ ÷ १६) × १० = ४३.७५ निघतो. असली चूक फक्त पुन्हा मध्यक काढल्यानेच पकडली जाते.

एकूण संख्या नसेल तेव्हाचा तुमचा प्रश्न. अशा वेळी हरवलेली वारंवारता एकच असते. एकच समीकरण हाती आहे, तेव्हा अज्ञातही एकच हवा. एकूण संख्येत तो अज्ञात मिळवून लिहायचा, इतकंच. उदाहरणार्थ ०–१० : ४, १०–२० : क्ष, २०–३० : २०, ३०–४० : १२, ४०–५० : ६ आणि मध्यक २७. एकूण ४२ + क्ष, निम्मे २१ + क्ष ÷ २. वीसच्या खाली ४ + क्ष. २० ते २७ हे वर्गाचे सात दशांश, विसाचे सात दशांश म्हणजे १४. तेव्हा

२१ + क्ष ÷ २ − ४ − क्ष = १४

१७ − क्ष ÷ २ = १४, क्ष = ६. एकूण ४८, निम्मे २४, आधीचे १०, २० + (१४ ÷ २०) × १० = २७. मुलं इथे निम्मे काढताना क्ष विसरतात आणि नुसते २१ घेतात. मग २१ − ४ − क्ष = १४ वरून क्ष = ३ येतो. तीन ही चांगली धन, पूर्ण संख्या आहे, शंका यायला जागाच नाही. मात्र तीन ठेवून पाहिलं की एकूण ४५, निम्मे २२.५, आणि मध्यक २७.७५.

उत्तर अपूर्णांकात आलं तर पहिला संशय वर्गांवर घ्यायचा. वर्ग १०–१९, २०–२९, ३०–३९ असे तुटक असतील तर ते आधी ९.५–१९.५, १९.५–२९.५, २९.५–३९.५ असे सलग करावे लागतात. कापसाच्या ८० झाडांवरची बोंडं मोजली आहेत असं समजा: १०–१९ : ११, २०–२९ : क्ष, ३०–३९ : ३०, ४०–४९ : य, ५०–५९ : ६, मध्यक ३३.५. सलग करून केलं तर २९.५ पासून ३३.५ पर्यंत चार, दर एकाला ३ झाडं, म्हणजे १२. २९.५ च्या खाली २८, म्हणून क्ष = १७ आणि य = १६. खालची मर्यादा ३० आणि वर्गांतर १० धरलं तर क्ष = १८.५. मर्यादा ३० आणि वर्गांतर ९ धरलं तर १७.३३. हे शेवटचं विशेष धोक्याचं, कारण जवळची पूर्ण संख्या घेतली की १७ येतं, बरोबर उत्तर. मुलाला वाटतं रीत बरोबर होती.

जवळची पूर्ण संख्या कधीच घ्यायची नाही असं मात्र नाही. प्रश्नात मध्यक एका दशांश स्थळापर्यंत जवळच्या किमतीत दिला असेल तर क्ष पूर्ण येणार नाही. पण तो किती हलू शकतो ते मोजता येतं. केळीच्या सारणीत दर किलोला ८ घड आहेत, मध्यकात ०.०५ किलोचा फरक म्हणजे ०.४ घड. क्ष १७.८ आला तर १८ लिहायला हरकत नाही. तिथे सगळ्या मर्यादा पूर्ण संख्येत आणि मध्यकही पूर्ण किलोत असेल, आणि तरीही साडेसतरा आला, तर जवळची किंमत घेण्याला दोष देऊ नका.

‘पेक्षा कमी’ प्रकारची सारणी (प्रत्येक वरच्या मर्यादेपेक्षा कमी एकूण किती ते सांगणारी) दिली असेल तर लागोपाठच्या संख्या वजा करून साधी सारणी करून घ्यायची आणि वरचंच सगळं.

काही उदाहरणं मुळातच सुटत नसतात, हेही मुलांना दाखवा. क्ष आणि य दोन्ही मध्यक वर्गाच्या आधी असतील तर मध्यकाचं सूत्र क्ष + य देतं, आणि एकूण संख्याही क्ष + य देते. एकच माहिती दोनदा. दोन्ही मध्यक वर्गानंतर असतील तर सूत्रात क्ष किंवा य येतच नाहीत. अशा सारणीला मध्य (सरासरी) किंवा बहुलक यातलं आणखी काही दिलेलं असावं लागतं. नसेल तर प्रश्न बदलायचा, मुलाला नाही.

आलेखाने पडताळायचं असेल तर एक सावधगिरी. पेक्षा कमी वक्र काढताना बिंदू वर्गाच्या वरच्या मर्यादेवर घ्यायचे: केळीच्या सारणीसाठी (१०, ०), (१४, ८), (१८, २६), (२२, ५८), (२६, ८४), (३०, ९६), (३४, १००). आडव्या अक्षावर १ सेंमी = ४ किलो आणि उभ्यावर १ सेंमी = १० घड हे प्रमाण आलेख कागदावर नीट मावतं. बिंदू पट्टीने जोडा, उभ्या अक्षावरच्या ५० पासून आडवी रेघ न्या, छेदते तिथून खाली लंब टाका, २१ वर पडेल. सवयीने वर्गमध्यावर बिंदू घेतले तर लंब १९ वर पडतो. बरोबर दोन किलो कमी, म्हणजे वर्गांतराच्या निम्मं. आलेखातलं उत्तर नेमकं अर्ध्या वर्गाने कमी दिसलं तर बाकी काही तपासू नका, बिंदूच सरकलेत.

शिकवणीसाठी स्वतःची उदाहरणं बनवायची असतील तर उलट्या बाजूने जा. आधी सगळ्या वारंवारता ठरवा, मध्यक काढा, मग दोन झाका: एक मध्यक वर्गाच्या आधीची आणि एक नंतरची. मध्यक वर्गाची वारंवारता वर्गांतराच्या पटीत ठेवली की मध्यक पूर्ण संख्येत आणणं सोपं जातं. दूध डेअरीच्या ९० सभासदांचं रोजचं दूध लिटरमध्ये घ्या: ०–५ : ९, ५–१० : २४, १०–१५ : ३०, १५–२० : २१, २०–२५ : ६. तीसाला पाचाने भागलं, दर लिटरला ६ सभासद. दहाच्या खाली ३३, पंचेचाळिसाला हवेत आणखी १२, म्हणजे दोन लिटर, मध्यक १२. आता २४ आणि २१ झाका आणि मुलांना द्या. ज्याच्या वहीत क्ष = −६ आणि य = ५१ दिसेल, त्याने मध्यक वर्गाचे ३० आधीच मोजून टाकलेत.